दिवेलागणीच्या आत

आमच्या घरात गाडीला दावं तेवढं नव्हतं, बाकी तिची सगळी उठाठेव जनावरासारखी चालायची. शेळ्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याचं छप्पर होतं, त्याखाली ती उभी असायची. सकाळी अण्णा आधी शेळ्यांपुढं पाला टाकायचे आणि मग गाडीपाशी उकिडवे बसून दोन्ही चाकांवरून हात फिरवायचे. अंगठ्यानं टायर दाबून बघायचे, खाचाखाचांतून बोट न्यायचे आणि कुठं काटा लागला की नखानं उपसून चुलीत टाकायचे. अंगणात टाकला तर कुणाच्या तरी पायात जाईल म्हणून. आमच्या मुलखात काट्याला तोटा नव्हता. वेडी बाभळ, हिवर, बोर, सराटा. पाऊस मात्र नसायचा. माण तालुक्याच्या टोकाला, सातारा जिल्हा संपता संपता आमचं गाव. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा सुरू. आई इस्लामपूरकडची, ऊसपट्ट्यातली. तिच्या माहेरी दारापुढून पाटाचं पाणी वाहायचं. ती म्हणायची, "हितं पाऊस बी वाट चुकला तरच येतोय."

आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. अण्णा त्यातून उठून फौजेत गेले आणि तिथं मोटरसायकलवरून डाक पोचवणारे स्वार झाले. बर्फात, वाळूत, नदीच्या गोट्यांतून गाडी काढणं हीच त्यांची नोकरी. ती नोकरी पुरी व्हायच्या आधीच ते घरी आले. "गुडघा गेला," असं आम्हांला सांगण्यात आलं होतं. मी तेव्हा लहान होते आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ विलास, जेमतेम मिसरूड फुटायच्या वयाचा. गुडघा गेलेला माणूस अंगणात तासन्‌तास उकिडवा कसा बसतो, हे आम्हां दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वडील सांगतात ते खरं असतं, असं ते वय होतं.

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, टू-स्ट्रोक, कुणाकडून तरी घेतलेली. सुरू झाली की तिच्या आवाजानं गोठ्यातल्या शेळ्या एकदम खांबाकडं सरकायच्या. अण्णांचा नियम एकच होता: ज्याला चालवायची त्यानं आधी चाक उतरवायला शिकायचं. दादा आधी शिकला. मग मी हट्ट धरला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला त्ये? उद्या लोकं काय म्हनतील?"

अण्णा म्हणाले, "काटा पोरगा-पोरगी बघून बोचत न्हाई."

त्यांच्या शिकवण्यात घाई नव्हती. एक्सलचा नट सोडवायचा, चाक बाहेर ओढायचं, आडवं टाकायचं. हवा भरायच्या वालची पिन काढून उरलीसुरली हवा सोडायची. मग टायरची कड रिमपासून सुटावी म्हणून टाचेनं दाबत दाबत चाकाभोवती फिरायचं. आईच्या भाषेत, माती तुडवल्यासारखं. दोन लोखंडी पट्ट्या कडेखाली घालून टायर थोडा थोडा रिमवर उचलायचा. ट्यूब बाहेर काढली की तिच्यात जरा हवा भरायची आणि ती गालाजवळून फिरवायची. पाणी असेल तर घमेल्यात बुडवून बुडबुडे दिसतात, पण माळावर पाणी कुठलं? गालाला बारीक गार फुंकर लागली की तिथं भोक. अण्णा म्हणायचे, भोक सापडलं म्हणून खूश व्हायचं नाही, काटा अजून टायरातच बसलेला असतो. तो काढला नाही तर पुढच्या वळणावर तोच पुन्हा बोचतो. टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधायला त्यांनी मला शिकवलं. बोटं रक्ताळायची. भोकाभोवतीची जागा कानशीनं खरवडायची, सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत गप बसायचं. हे गप बसणं मला सगळ्यांत जड जायचं. मग ठिगळ. मग सगळं उलट्या क्रमानं. शेवटची वीतभर कड चढवताना पट्टीचा दाब चुकला तर आत ट्यूब चावली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. माझ्या हातून ती किती वेळा चावली गेली, त्याचा हिशेब नाही. अण्णा रागावत नसत. "काढ पुन्हा," एवढंच म्हणत.

आता रविवारी पुण्याहून चांगल्या उंच गाड्या घेऊन मुलं-मुली आमच्या माळावर येतात. छातीला, गुडघ्याला, कोपराला कवचं असतात. त्यांच्या टायरांत बहुतेक ट्यूबच नसते. मी शाळेतून परतताना कधी थांबून बघते. मला त्यांचा हेवा वाटत नाही, पण निघवतही नाही.

वाटा आम्हांला पवनचक्क्यांनी दिल्या. त्या उभारायला आलेल्या लोकांनी माथ्यावर कच्चे रस्ते पाडले होते; नंतर पावसानं त्यांना घळी पडल्या. दादा त्या घळींतून गाडी अशी वर काढायचा की वाटावं, गाडीच त्याला वाट दाखवतेय. पायांवर उभा राहायचा, गुडघ्यांनी टाकी धरायचा, अंग सैल. अण्णा खाली दगडावर बसून नुसता आवाज ऐकायचे. "दुसऱ्या गिअरात टाकायला उशीर केलास," वरून खाली आलेल्या दादाला ते सांगायचे. दादा हसायचा. कारण उशीर झालेलाच असायचा.

घरातले काही रिवाज मला तेव्हा फौजी शिस्त वाटायचे. दिवे लागायच्या आत सगळ्यांनी घरात असलं पाहिजे. हंडा, तांब्या, पाट, कंदील यांची जागा ठरलेली, आणि ती कुणी हलवली की आई भडकायची. एकदा मी पाण्याची कळशी दारात ठेवली होती. संध्याकाळी अण्णा तिला अडखळून पडले. आईनं मला असा धपाटा घातला की रात्रीचं माडगं मी रडतच प्यायले. हुलग्याचं माडगं, वर लसणाची फोडणी, आणि मामानं इस्लामपूरहून पाठवलेली काकवी बाजरीच्या भाकरीवर. अण्णा आपल्या ताटाच्या कडेनं बोट फिरवत भाकरीपर्यंत गेले. मी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे समजलं असं नसतं.

दादाला फौजेत जायचं होतं. अण्णांसारखंच, गाडीवर. तो पहाटे माथ्यापर्यंत पळायचा, लिंबाच्या फांदीला लोंबकळून दंड कमवायचा. पण भरतीचं नाव काढलं की अण्णा विषय बदलायचे. "यंदा न्हाई. पुढल्या टायमाला बघू." दादाला वाटायचं, शेळ्यांमागं माणूस हवं म्हणून ते अडवतात. त्याचा राग तो माळावर काढायचा.

त्याच वर्षी सांगलीला नदीपलीकडच्या मोकळ्या रानात मातीवरची शर्यत होती. आम्ही तिघं जुन्या गाडीवरूनच गेलो. विट्यापर्यंत दादानं चालवली आणि पुढं मी, त्याचे हात ताजे राहावेत म्हणून. मैदानावर लांबून आलेले स्वार होते, नव्या गाड्यांचे, रंगीत कपड्यांचे. दादाच्या पायांत अण्णांचे फौजेतले बूट. पहिल्या फेरीत तो शेवटून पहिला. मग मातीच्या उंचवट्यावरून त्यानं दोन गाड्या एका उडीत मागं टाकल्या, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, हे कुठलं भूत म्हनायचं!" तो तिसरा आला. अण्णांनी मला हलवून हलवून विचारलं, "कितवा? नंदे, कितवा आला?" त्यांच्या नाकासमोरूनच तर तो गेला होता. धुळीमुळं दिसलं नसेल, असं मी समजले. परतताना आम्ही भडंग खाल्लं, दादाच्या दातांत माती होती, आणि मला वाटतं आमच्या घरातला तो शेवटचा निखळ आनंदाचा दिवस.

पुढची शर्यत हिवाळ्यानंतर होती. दादा आणि मी सरावाला रोज माथ्यावर जायचो. एका संध्याकाळी त्याला एक चढण जमेना. मी म्हणाले, "चल की आता, अण्णा वाट बघत असतील." तो म्हणाला, "येकदाच." त्या एकदाच्यात मागच्या चाकात काटा गेला.

सूर्य नुकताच बुडाला होता. आभाळात अजून तांबूसपणा होता, समोरची बोर पानापानांसकट दिसत होती. दादानं चाक उतरवलं, नेहमीसारखं भराभर. पण नट त्यानं खाली ठेवला आणि थोड्या वेळानं तो मातीवरून तळहात फिरवायला लागला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"काय शोधतोस?"

"नट. कुठं घरंगळला काय की."

नट त्याच्या गुडघ्यापाशी होता. चकाकत होता. मला वाटलं, गंमत करतोय. मी म्हणाले, "दादा, तुझ्या गुडघ्यालाच हाय की."

तो खेकसला. "मग दे की उचलून! बघत काय बसलीयास?"

दादा माझ्यावर कधी खेकसत नसे. मी नट उचलून माझ्या ओढणीत बांधला. त्यानं ठिगळ लावलं, टायर चढवला, आणि शेवटच्या कडेला पट्टी चुकली. पंप मारला तशी हवा सुस्कारत बाहेर. ट्यूब चावली गेली होती. दादाच्या हातून. माझ्या माहितीत पहिल्यांदा. तो तसाच बसून राहिला, दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "नंदे, तू कर. मला आता काय दिसत न्हाई."

"एवढा उजेड हाय की अजून."

"तुला असंल."

मी चाक केलं. वेळ लागला, पण झालं. त्यानं किल्ली माझ्यापुढं धरली. तो बरोबर असताना मी त्या वाटेवरून कधीच गाडी चालवली नव्हती. उतरताना त्यानं मागून माझे खांदे दोन्ही हातांनी धरले होते. आयुष्यात कधी कशाला न धरणारा माझा भाऊ. त्याच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या खांद्यांवर होते. वाटेत तो एवढंच बोलला: गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी असं होतंय, भरतीला अडचण नको म्हणून कुणाला सांगितलं नाही.

घरी अण्णा अंगणात उभे होते. आमची चाहूल लागली तसं त्यांनी तोंड वळवलं, पण आमच्याकडं नाही. जरा बाजूला, शेळ्यांकडं. "का उशीर?" म्हणाले. दादा आत गेला. मी सरळ चुलीपाशी गेले आणि आईला सगळं सांगितलं. नट, ट्यूब, खांदे, सगळं.

आईच्या हातात भाकरीचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना. मग म्हणाली, "सांजचंच दिसत न्हाई म्हनला? का बाजूचं बी?"

"तुला काय म्हाईत आई?"

"त्येंचं बी असंच सुरू झालं हुतं." तिनं दाराकडं पाहिलं. "गुडघ्याला काय धाड भरलीया? फौजंतल्या डाक्टरांनी डोळं तपासलं आन घरी पाठिवलं. त्येंनीच म्हनलं, पोरांना सांगू नगं. पोरं भितील." मग ती रडली नाही, काही नाही. करपलेली भाकरी काढून शेळ्यांच्या बादलीत टाकली आणि दुसरी थापायला घेतली. दारात अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चौकटीला हात धरून ते खाली बसले, उंबऱ्यावरच, जिथं बसायचं नाही म्हणून ते आम्हांला नेहमी टोकायचे.

सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो, एस.टी.नं. डोळ्यांत थेंब घातले, डोळे मिटून बाकावर बसवलं. मग एका अंधाऱ्या खोलीत एकेकाला नेलं. पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि कडेला कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी मी. मी दाबत राहिले, टिक, टिक, टिक. कंटाळा येईपर्यंत. मग दादा आत गेला आणि आम्ही पडद्याबाहेर बसलो. एकदा टिक झालं. मग काही नाही. आईनं माझा हात धरला. आतल्या बाई म्हणत होत्या, "लक्ष आहे ना? दिसला की दाबा हं." दादा म्हणाला, "व्हय." आणि पुन्हा काही नाही. त्या शांततेएवढं लांब मी नंतर काही ऐकलेलं नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. इंजिनाचा आवाज ऐकावा तसं.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. म्हणाले, "घराण्यातून येतं. वडिलांकडून. कडेकडेनं नजर मिटत येते, शेवटी मधलं तेवढं उरतं. थांबवायला औषध नाही." माझ्याकडं बघून म्हणाले, "हिच्यात काही दिसत नाही. हिला बहुतेक नाही." बहुतेक हा शब्द मी पुढं कितीतरी वर्षं वापरू शकले नाही. पण त्यांचं खरं ठरलं. माझे डोळे शाबूत राहिले. एका घरात, एका ताटातली भाकरी खाऊन, एकाच्या वाट्याला येतं आणि दुसऱ्याच्या येत नाही; याचं कारण मला कुणी नीट सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी त्यानं काही हलकं होणार नाही.

"फौज?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली.

"गाडी?"

"दिवसासुद्धा नको, बाळा. बाजूनं येणारा माणूस तुला दिसणार नाही."

दवाखान्यातून आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. एस.टी.ला वेळ होता आणि कुणालाच स्टँडच्या गर्दीत बसायचं नव्हतं. थेंबांमुळं पाणी नुसतं लखलखत होतं. आईनं शिदोरी सोडली, पण कुणी हात लावला नाही. दादा म्हणाला, "अण्णा, तुमाला म्हाईत हुतं."

"म्हाईत न्हवतं. भ्या हुतं."

"म्हनून भरतीला जाऊ देत न्हवता व्हय?"

अण्णांनी मान डोलावली.

"मग गाडी कशाला शिकिवली? आदी हातात द्यायची आन मग..."

अण्णा पाण्याकडं तोंड करून बसले होते. "मला येक तीच येत हुती, इलास," ते म्हणाले. "दुसरं काय दिऊ तुला?"

दादा उठून पायऱ्या चढून गेला. वरच्या पायरीला ठेचाळला. आई उठायला लागली तर अण्णांनी तिचा पदर धरून तिला बसवलं.

त्यानंतर दादानं गाडीकडं पाहिलं नाही. शर्यतीचा दिवस आला आणि गेला. तो पहाटे पळेना, लिंबाला लोंबकळेना. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. गाडीचं पुढचं चाक बसत गेलं, शेवटी रिम जमिनीला टेकली. कोंबड्या सीटवर बसायला लागल्या. मी नवी ट्यूब घालायला गेले की दादा आतून ओरडायचा, "हात लावू नगं तिला!" मग मीही लावेना. शेवटी मामा आला आणि ठरलं की दादानं इस्लामपूरला जायचं. मामाची पिठाची गिरण होती, तिथं बसायचं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा छपराखाली गेले. कोंबड्या हाकलल्या. चाचपत हत्यारांची पिशवी काढली आणि पुढचं चाक उतरवायला घेतलं. मोठ्यानं हाक मारली, "इलास, जरा हात लाव रं." पुन्हा हाक मारली. मी जवळ जाऊन बसले. अण्णांनी टायर सोडवायला टाच मारली, पण चाक बरेच दिवस तसंच राहिल्यानं कड रिमला चिकटून बसली होती. ते दम लागेपर्यंत दाबत राहिले. पट्टी निसटली आणि बोटांची सालं निघाली. ते बोट तोंडात धरून बसले. माझ्या वडिलांना काही येत नाही, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. गाडीला ती सवत म्हणायची. तिला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला, चप्पल काढली आणि उघडी टाच टायरवर ठेवून सगळ्या अंगाचा भार दिला. कड कट्‌ आवाज करून सुटली.

"आवं, सांगा," ती अण्णांना म्हणाली. "फुडं काय करायचं?"

अण्णा सांगत गेले आणि आई करत गेली. पट्टी कुठं घालायची, गालाला ट्यूब कशी लावायची. तिला फुंकर लागली तशी ती दचकली. काटा तिनं स्वतः शोधला, बाहेर काढून उन्हात धरला आणि त्याला एक सणसणीत शिवी दिली. सोल्युशन लावल्यावर तीही आमच्यासारखी गप बसली. मी मान वळवली तेव्हा दादा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो बाहेर आला नाही. आईनं हवा भरली, हवा राहिली, आणि दादा आत गेला.

पुढं ती गाडी मी चालवली. कॉलेजला, मग वस्तीवरच्या शाळेत शिकवायला. अण्णा शेवटी पुरते आंधळे होऊन वारले. दादा इस्लामपूरलाच राहिला. लग्नाला नाही म्हणाला. "ह्ये दुखणं माझ्यापाशीच थांबू दे," एवढंच त्यानं कारण दिलं. त्याला आता उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळतो. मी भेटायला गेले की तो गाडीचं काही विचारत नाही आणि मी काही सांगत नाही.

आईनं चाक केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला फाट्यावर पोचवायला गेलो. आईनं पहाटे उठून भाकरी केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी घातली होती, फडक्यात बांधलं होतं. हात तिनं राखेनं दोनदा घासले होते. एस.टी. आली. दादानं गठुडं घेतलं आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबला. फडकं नाकाशी नेलं. सोल्युशनचा आणि रबराचा वास भाकरीलाही लागला होता. आई घाईघाईनं म्हणाली, "लय धुतलं रं मी, जाईना त्यो वास."

दादानं गठुडं छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं दांडा चाचपला आणि आत चढला.